दहा वर्षांची खळ

क्योतो, १४ ऑक्टोबर १९८६

मामा,

वाकून नमस्कार. आधी नमस्कार घ्या, मग काय रागवायचं ते रागवा. दोन महिने तुम्हाला वेगळं पत्र नाही हे खरं. पण आईला लिहिलेलं प्रत्येक पत्र ती तुमच्या दुकानात येऊन मोठ्यानं वाचते, आणि तुम्ही खळ ढवळत नुसतं ‘हं’ म्हणता, हे मला इथे बसून दिसतं.

कामाचं बोलते. माझा प्रबंध अडलाय. चीन, कोरिया आणि जपान, तिन्हीकडच्या बौद्ध चित्रांची तुलना करायची असा विषय घेतला तेव्हा मला वाटलं होतं, तीन वर्षांत हातावेगळा करीन. आता पाचवं चालू आहे. इथल्या डोंगरातल्या एका देवळात रेशमावर काढलेला अवलोकितेश्वर आहे. पाण्याकाठी खडकावर बसलेला, अंगावर इतकं झिरझिरीत वस्त्र की खालची बोटं मोजता येतात. मामा, तो आपल्याकडचा, कोरियातला आहे हो! गोर्यो काळातला. माझी खात्री आहे. पण चित्राच्या पेटीवर लिहिलंय ‘सोंग काळातलं चिनी चित्र’, आणि ते अक्षर आहे आमच्या कुसुमोतो सरांच्या गुरूंचं. ते वारले, पण इथे अजून त्यांच्या नावानं लोक आवाज खाली आणतात.

सर म्हणाले, मार्चपर्यंत पुरावा आण, नाहीतर तो अख्खा भाग काढून टाक. तो भाग काढला तर प्रबंधात उरतं काय? माझी शिष्यवृत्तीही मार्चलाच संपते. मग गाशा गुंडाळून जोन्जूला यायचं आणि तुमच्या दुकानात कागद कापत बसायचं.

आता गंमत ऐका. चित्राची शिवण-टिपण, म्हणजे मागचं कागदाचं अस्तर, कडेचं कापड, सगळं उकलून नव्यानं लावायचं आहे. ते काम हिसानागांच्या कारखान्याकडे आलंय. शेवटचं अस्तर १९४१ साली त्यांच्याचकडे लागलं होतं. त्या वर्षी तुम्ही तिथेच होता ना? आई म्हणते, पंधराव्या वर्षी गेलात आणि युद्ध संपल्यावर आलात. तुमच्या भिंतीवर जो रुंद कुंचला टांगलाय, ज्याला हात लावला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला, तो तिथल्या मालकांनीच दिलेला ना?

तुम्हाला ते चित्र आठवतं का? काहीही आठवलं तरी लिहा.

तुमची,
योन्जू

*

जोन्जू, २७ ऑक्टोबर १९८६

योन्जू,

पत्र मिळालं. आईनं ते मला वाचून दाखवायच्या आधी मीच वाचलं. नशीब.

मी तिथे खळ ढवळायचो. सात वर्षं खळच ढवळली. गव्हाचं सत्त्व शिजवायचं, माठात भरायचं, माठ जमिनीखाली ठेवायचा, दरवर्षी थंडी अगदी हाडात शिरली की वर काढून बुरशी खरवडायची, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचा. दहा वर्षांनी ती खळ वापरायला काढतात. तिला चिकटपणा जवळजवळ उरत नाही, म्हणूनच तिला मान. पुढच्या माणसाला अस्तर सोडवताना चित्र फाटू नये. एवढंच मला माहीत आहे. चित्रं कुठली होती, कोणाची होती, हे पोरांना कोण सांगतंय?

तुला मला विचारायला कोणी सांगितलं? तुझी तुला अक्कल सुचली की कोणी सुचवली?

विषय बदल. आपल्या हिरव्या झिलईच्या भांड्यांवर लिही. भांड्याच्या पेटीवर कोणी खोटं लिहिलं तरी भांडं भांडंच राहतं. तू हुशार आहेस, एका वर्षात होईल. देवळांच्या चित्रांत नाक खुपसू नकोस, नाकाला लागलेलं निघत नाही.

इथे थंडी पडायला लागली. तुझी घरमालकीण स्टोव्ह देते की नाही? नसेल तर भांडून घे, तोंड तर आहे.

चित्राचा खालचा दांडा बदलणार आहेत की तोच ठेवणार?

मामा

*

क्योतो, ९ नोव्हेंबर १९८६

मामा,

वाकून नमस्कार. स्टोव्ह मिळाला. घरमालकीण म्हणते खोलीत किमची उघडायची नाही, म्हणून मी खिडकीबाहेर डोकं काढून जेवते. शेजारची मांजर मला ओळखायला लागलीय.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्हाला काहीच आठवत नाही म्हणता, आणि शेवटी दांड्याचं विचारता. सगळं चित्र सोडून तो खालचा लाकडी दांडा, ज्याच्यावर ते गुंडाळतात, त्याच्याशी तुमचं काय काम? मी विचारलं कारखान्यात. जुने दांडे वाकलेले असतात, ते बदलतातच. वीस जानेवारीला चित्र उकलायला घेणार आहेत.

आणि हो, मला सरांनीच सांगितलं जोन्जूला लिहायला. मी एकदा बोलता बोलता तुमच्याबद्दल सांगितलं होतं, ते त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं. म्हणाले, ‘मामांना विचारून पाहा, त्यांना कदाचित ठाऊक असेल.’ यात तुम्हाला आवडू नये असं काय आहे?

आता खरी बातमी. परवा देवळात मला दोन तास चित्रासमोर बसू दिलं. तिरका दिवा धरला आणि मी पुढे वाकून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात खाली, चार बोटं उंच आणि दोन बोटं रुंद, रेशमाचा वेगळा तुकडा आहे! विणकर वेगळा, धागा जाड. रंग इतका बेमालूम जुळवलाय की सरळ उजेडात दिसतच नाही. मामा, गोर्यो चित्रांत दान देणाऱ्याचा लेख सोन्याच्या शाईत नेमका तिथेच असतो. कोणीतरी तो कापून काढला. मग ते चित्र कोणाचंही म्हणता येतं. चिनी म्हटलं की समोरच्या भिंतीवर, कोरियन म्हटलं की कोठीत.

हिसानागांच्या जुन्या कामाच्या वहीत १९४१ सालच्या पानावर या चित्रापुढे कारागीर म्हणून एकच नाव आहे. कोयामा. हा कोयामा कोण? तुमच्याबरोबरचा असणार. जिवंत असेल का? त्याच्या हातात इतकं कसब होतं तर तो नुसती खळ ढवळणारा नव्हता.

योन्जू

*

जोन्जू, २१ नोव्हेंबर १९८६

योन्जू,

किमची घालायचे दिवस आहेत. तुझ्या आईनं मला ऐंशी गड्डे कोबी धुवायला बसवलं. बोटांना तिखट लागलंय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

कोयामा नावाचा माणूस मला माहीत नाही. असा कोणी माणूस नव्हताच.

तुझ्या सरांबद्दल सांग. वय काय? गुरूंच्या घरी अजून जाणंयेणं आहे का? पेटीवर ज्यांनी लिहिलं त्यांची पाठ राखण्यात त्यांचं काय आहे? ज्या माणसाच्या गुरूनं आपल्या जाड, डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात खोटं लिहून ठेवलं, तो शिष्य तुला खरं शोधायला का पाठवील? विचार कर जरा. तुला पुढे करून त्यांना काहीतरी काढून घ्यायचंय. मिळालं की ते बंबात जाईल, आणि तू हात चोळत बसशील. माझी पत्रं त्यांना दाखवतेस का? दाखवत असशील तर आजपासून बंद.

वीस जानेवारीला उकलताना तू तिथे असशील? त्यांना सांगून ठेव की जुनं काहीही फेकू नका, तुला अभ्यासाला हवंय. मी सांगितलं म्हणू नकोस. तुझं तू सांग.

आईनं तुझ्यासाठी डबा बांधलाय. मांजरीला थोडी किमची दे, बघू कशी खाते.

मामा

*

क्योतो, १२ डिसेंबर १९८६

मामा,

या पत्राला मी नमस्कार लिहीत नाहीये. का, ते पुढे कळेल.

पेटी कोणाही परक्याला न दाखवता देवळात बंद असते. ‘जाड, डावीकडे झुकणारं अक्षर’ तुम्हाला कसं ठाऊक? मी तर कधी लिहिलं नव्हतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी हिसानागांच्या म्हाताऱ्यांकडे गेले. म्हणजे तुमच्या मालकांचा मुलगा, आता सत्तरीचे आहेत. कान गेलेत, पण आठवण शाबूत आहे. मी कोयामाचं विचारलं तर ते हसले आणि आतून फोटो घेऊन आले. १९४२ सालचा. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरे तुम्ही! तेच कान, तीच आठी. हातात रुंद कुंचला. म्हातारे म्हणाले, ‘हा कोयामा. तेव्हा कोरियातल्या सगळ्यांना आमच्यासारखी नावं घ्यायला लावली होती ना, वडिलांनी याला हे दिलं. जोन्जूचा होता. याच्यासारखा हात मी परत पाहिला नाही.’ मग मी कोपऱ्याचं विचारलं. त्यांनी फोटो उलटा ठेवला आणि म्हणाले, ‘तो तुकडा त्यानंच कापला. मी पाहिलं. नखभर चूक झाली नाही.’

मी तिथे चहा तसाच ठेवून उठले. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले, मामा. लोक बघत होते.

माझा प्रबंध ज्या एका तुकड्यावर अडलाय तो तुम्ही कापलात. आपल्या देशाचं नाव आपल्याच माणसानं कापलं. आणि ते सगळं माहीत असून तुम्ही मला भांड्यांवर लिहायला सांगता! ‘असा कोणी माणूस नव्हताच’ म्हणता! मी सरांवर संशय घ्यावा म्हणून सारखं त्यांच्याकडे बोट. मग ‘जुनं काही फेकू नका’ कशासाठी? अजून काय आहे तिथे तुमचं, जे माझ्या हाती लागायच्या आत तुम्हाला हवंय?

तो कुंचला कापण्याचं बक्षीस होता का? चाळीस वर्षं भिंतीवर टांगून ठेवलात आणि आम्हा पोरांना हात लावू दिला नाहीत. मला सरळ उत्तर पाहिजे. हो किंवा नाही.

योन्जू

*

क्योतो, ४ जानेवारी १९८७

मामा,

तीन आठवडे झाले. आईला विचारलं तर म्हणे ‘दुकान बंद करून बसलाय, जेवत नाही धड, तू काय लिहिलंस त्याला?’ आईला मी काही सांगितलेलं नाही.

वीस तारखेला चित्र उकलणार. त्यानंतर मी सरांना सांगणार आहे की कापणारा कोण होता. नाव सांगितलं तर निदान ‘इथे लेख होता आणि कापला गेला’ हे तरी मला लिहिता येईल. अर्धा पुरावा म्हणजे काही नसण्यापेक्षा बरं. तुमचं उत्तर आलं नाही तर मी गप्प बसणार नाही, हे तुम्हाला आधी सांगून ठेवते. मागून वार करायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

योन्जू

*

जोन्जू, ९ जानेवारी १९८७

योन्जू, पोरी,

हो. मी कापला.

हा शब्द लिहायला मला तीन आठवडे लागले. आता बाकीचं ऐक, आणि मग हवं तर सगळ्या क्योतोला सांग.

अठरा वर्षांचा होतो. पेटीवर लिहिणारे ते मोठे सर कारखान्यात आले, चित्र पाहिलं, कोपऱ्यातला लेख वाचला आणि म्हणाले, ‘एवढं सुंदर चित्र आणि गोर्योचं? छे. हा भाग किडीनं खाल्लाय असं समजा.’ किडका नव्हता. माझ्यासमोर पेटीवर त्यांनी लिहिलं, शाई वाळायच्या आधी मी वाचलंही. म्हणून अक्षर माहीत. मालकांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं जवळजवळ गेले होते. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘काप आणि बंबात टाक.’ माझ्याच का हातात, तर म्हणे माझा हात स्थिर. तिथे आणखी चार जण होते स्थिर हाताचे.

मी कापला. हात खरंच हलला नाही, याची मला अजून लाज वाटते. कोपऱ्याला रेशीम चहाच्या पाण्यात रंगवून बसवलं तेही मीच.

पण बंबात टाकला नाही. कसा टाकणार? मी वाचला होता ना तो. ‘गोर्यो देश, नाजू गाव. समुद्रावरून न परतलेला धनी मान-बोक आणि त्याच्याबरोबर गेलेले दोघे मुलगे, सु-दोंग आणि दोल-ई, यांच्यासाठी त्यांची बायको-आई यू हिनं हे काढवून घेतलं. ज्याला दिसेल त्यानं या तिघांची नावं घ्यावीत.’ सेहेचाळीस वर्षं मी ती नावं घेतोय. सकाळी दुकान उघडताना, मनात. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अस्तर लावणारा आपलं नाव खालच्या दांड्याच्या लाकडावर लिहितो. वरून कागद गुंडाळला की ते कोणाला दिसत नाही. शंभर वर्षांनी पुढचा कारागीर उकलेल, त्यालाच फक्त ते पत्र. मी तो तुकडा दांड्यावर चिकटवला, मालकांच्या दहा वर्षांच्या माठातली चमचाभर खळ चोरून, म्हणजे पाण्यानं सुटताना एक धागा तुटू नये. शेजारी आपलं नाव लिहिलं, आपल्या लिपीत, जे लिहायची तेव्हा बंदी होती. वर पातळ कागद लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा चित्राला जोडायचं काम मालकांचं. ते दुसऱ्या कोणाला करूच देत नसत. मी समोर उभा. त्यांनी दांडा हातात घेतला, फिरवला, आतल्या खोलीत नेला. बराच वेळ लागला. बाहेर आले ते जोडूनच, आणि पुढच्या कामाला लागले. मी समजलो, डोळे गेलेत, दिसलं नसेल. नाहीतर काढून बंबात टाकलं असेल. दोन्हीतलं काय, हे मला आजवर कळलेलं नाही. निघताना त्यांनी स्वतःचा कुंचला माझ्या हातात ठेवला. बक्षीस होतं का विचारलंस. मलाही माहीत नाही, पोरी. कापल्याचं असेल म्हणून वापरला नाही, आणि नसेलही म्हणून टाकला नाही.

तुला आधीच का सांगितलं नाही? एक तर तुझ्या सरांची भीती. दुसरं, दांड्यावर काही नसेल तर मी नुसता कापणाराच उरतो. तुझ्यासमोर तरी तसं उरायचं नव्हतं.

दांड्याच्या डाव्या टोकाला मी सुरीनं तीन खाचा केल्यात. हाच तो. धाव.

मामा

*

क्योतो, २३ जानेवारी १९८७

मामा,

वाकून नमस्कार. तीनदा. दोन मागच्या पत्रांत राहिलेले.

तुमचं पत्र मला अठरा तारखेला दुपारी मिळालं. उकलायला दोन दिवस होते म्हणून मी निर्धास्त होते, पण उगाच शंका नको म्हणून कारखान्यात गेले. आणि काय, दांडे तर त्यांनी आदल्याच दिवशी कापून वेगळे केलेले! मी सांगून ठेवलं नव्हतं, मामा. तुम्ही लिहिलं होतंत ‘फेकू नका म्हणून सांग’, आणि मी तुमच्यावरच्या संशयापायी मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला वाटलं तुम्हाला काहीतरी लपवायचंय. मी कपाळावर हात मारून घेतला.

म्हाताऱ्या हिसानागांच्या सूनबाई म्हणाल्या, जुने दांडे मागच्या अंगणात. तिथे मुळे वाळत घातले होते. अकरा दांडे आडवे बांधलेले आणि त्यांच्यावर मुळ्यांच्या माळा! मी माळा उचलून उचलून प्रत्येक दांड्याचं डावं टोक बघत सुटले. त्या बाई म्हणत होत्या, ‘अहो, मुळे हवेत तर मागून घ्या ना!’ नवव्याला तीन खाचा होत्या. गुंडाळलेला कागद तसाच होता, मुळ्याचं पाणी वरवर लागलेलं. मी तो पोटाशी धरून उभी राहिले.

लगेच उकलू दिला नाही. वीस तारखेला, सगळ्यांसमोर उकलायचं ठरलं. आधी मी तुमचं पत्र सरांच्या हातात दिलं. लेखाचे शब्द पाठ लिहिलेत ना, तो भाग. तुम्ही म्हणाला होतात दाखवू नकोस, मी दाखवलं. मला आता एकही गोष्ट झाकून करायची नव्हती.

मामा, कागद सोडवला. तुकडा होता. सोन्याचं एकही अक्षर गेलेलं नाही. कारागिरानं ओला कागद ठेवला आणि रेशीम आपसूक वर आलं, जसं कोणी हातानं उचलून दिलं. सरांनी तुमचं पत्र एका हातात आणि भिंग दुसऱ्या हातात धरून एकेक शब्द जुळवला. मान-बोक. सु-दोंग. दोल-ई. मग खाली बसले. म्हणाले, ‘मला तीस वर्षं संशय होता. गुरूंच्या अक्षराविरुद्ध बोलायची छाती झाली नाही. म्हणून तुला पुढे केलं.’ म्हणजे तुम्ही त्यांच्याबद्दल अगदीच चुकला नव्हता. मी त्यांना तोंडावर म्हटलं, ‘सर, मला आधी सांगायचं होतंत.’ त्यांनी मान खाली घातली. प्रबंधातला तो भाग राहणार. पेटीवरचं अक्षर खोटं आहे, असं तेच स्वतः लिहून देणार आहेत.

आता जे लिहिते ते बसून वाचा.

तुकड्याच्या शेजारी तुमचं नाव होतं, आपल्या लिपीत, ‘बोंग दाल-सू, जोन्जू. हे मी कापलं. पुढच्यानं जागेवर लावावं.’ त्याच्या खाली दुसऱ्या हातचं, जाड कुंचल्यानं, थरथरत्या ओळीत लिहिलेलं आणखी काही होतं. जपानी. म्हाताऱ्या हिसानागांनी ते वाचलं आणि डोळ्यांना पदर लावावा तशी बाही लावली. ‘वडिलांचं अक्षर,’ म्हणाले.

त्यात लिहिलंय, ‘पाहिलं. माझा हात धजला नसता. याचा धजला. हिसानागा.’ खाली त्यांचा शिक्का.

मालकांना दिसलं होतं, मामा. आतल्या खोलीत त्यांनी तुमचा कागद सोडवून, वाचून, लिहून पुन्हा लावला होता. तुमच्याच खळीनं. तेवढा वेळ त्यालाच लागला होता.

मी तुम्हाला जे जे लिहिलं ते सगळं मागे घेते. नाही घेता येत म्हणा, कागदावर आहे. पण मला ते जाळावंसंही वाटत नाही. तुमच्यासमोर येऊन कान पकडीन.

एकच अडचण. प्रबंधात तुकड्याची हकीकत लिहायला लागेल. कापणाऱ्याचं नाव नसेल तर सगळं लंगडं पडतं. नुसतं ‘कोयामा’ लिहू का? वहीत तेच आहे, कोणी विचारणार नाही. तुम्हाला त्रास होणार नाही.

योन्जू

*

जोन्जू, १ फेब्रुवारी १९८७

योन्जू बाळ,

गुरुवारी सोल्लाल झाला, नवं वर्ष लागलं. आईनं तांदळाच्या वड्यांचं सूप केलं. मी दोन वाट्या खाल्ल्या. ती म्हणाली, ‘महिनाभर अन्नावर रुसला होतास, आता काय झालं?’ मी तिला सगळं सांगितलं. ती मला लाटणं घेऊन मारायला धावली, इतकी वर्षं सांगितलं नाहीस म्हणून. मग दोघंही रडलो. चांगला गेला सण.

तुझं पत्र मी दुकानात एकट्यानं वाचलं. ‘पाहिलं’ या शब्दाशी आलो आणि मला पुढे वाचता येईना. मी खाली बसलो, चाळीस वर्षांच्या कागदाच्या कातरणांत. मालकांना मी मनात काय काय म्हटलं असेल, पोरी! आंधळे म्हटलं, भित्रे म्हटलं, चोरही म्हटलं. ते मात्र तिथे लाकडावर माझ्या खाली सही करून बसले होते.

ते शिव्या देतील म्हणून मी घाबरलो, तू शिव्या देशील म्हणून घाबरलो. दोघांनी मिळून मला सोडवलं.

या पत्राबरोबर लाकडी पेटी येईल. नीट उघड. त्यात कुंचला आहे. तुकडा परत कोपऱ्यात बसवताना तोच वापरायला सांग. केस जरा ताठ झालेत, कोमट पाण्यात दोन दिवस ठेव. खळ मात्र माझी नको, त्यांच्याच माठातली घे, म्हातारे नाही म्हणणार नाहीत. माझे हात आता थरथरतात, नाहीतर मीच आलो असतो. काम झालं की कुंचला तिथेच ठेव. तो त्यांच्या घरचा आहे. मला कशाचा मिळाला होता ते कळलं, आता टांगायची गरज नाही.

आणि नवा दांडा बसेल तेव्हा त्यावर तुझं नाव लिहायला सांग. कारागिराचं तर असेलच, तुझंही पाहिजे. पुढच्यानं उकललं की त्याला कळू दे.

राहिलं प्रबंधातल्या नावाचं. त्रास होईल म्हणतेस. मला त्रास आजवर झाला, तो झाकल्यामुळे झाला. लोक म्हणतील, आपल्या देवाचा कोपरा आपल्याच माणसानं कापला. म्हणू देत, खरं आहे. त्याच पानावर हेही लिही की त्यानंच ठेवला.

कोयामा नावाचा माणूस नव्हता, हे मी तुला नोव्हेंबरातच लिहिलं होतं. बोंग दाल-सू असं लिही, जोन्जूचा, अस्तर लावणारा. दुसरं काही लिहिलंस तर याद राख.

मामा